आतेच्या वजनाचा गूळ

गिरगाव, मुंबई
१४ सप्टेंबर १९६०

तीर्थरूप मथुरा आते,

साष्टांग नमस्कार. धोंडू मास्तर हे पत्र वाचून दाखवतील तेव्हा मध्येच उठून चुलीकडे जाऊ नकोस. शेवटपर्यंत ऐक आणि मगच माझ्यावर रागाव.

मालवणच्या डॉक्टरांचं पत्र काल आलं. पाच वर्षांपूर्वी तुझ्या जठरातला व्रण वाढला, म्हणून ऑपरेशन करून जठराला खालचं आतडं जोडलं आणि अन्नाला नवी वाट करून दिली. आता त्या जोडावरच पुन्हा व्रण झाला आहे. गेल्या वर्षी तो औषधाने भरला आणि शिमग्यात परत उघडला. डॉक्टर लिहितात की आता पुड्या पुरणार नाहीत. पोटात आतल्या आत रक्त जातं, म्हणून तुला घेरी येते. दुसरं ऑपरेशन केलं नाही, तर एक दिवस व्रण फुटेल आणि मग मालवणहून कुठेही नेण्याइतका वेळ राहणार नाही.

हे मी तुला घाबरवायला लिहीत नाही. खरं सांगायचं आणि मग उपाय सांगायचा, अशी माझी पद्धत आहे. मी इथल्या एका मोठ्या सर्जनना भेटले. ते म्हणाले, जुना जोड सोडवून जठराचा आम्ल करणारा भाग काढून टाकू. नोव्हेंबरच्या मध्यावर तुला दाखल करून घेतील. त्यांनी एकच विचारलं, "बाई पथ्य पाळतात ना?" मी छाती पुढे काढून सांगितलं, "माझी आते शब्दाची पक्की आहे."

थोडं थोडं खा, दर दोन-तीन तासांनी खा. मऊ भात, दूध, उकडलेला मासा. तिखट नको, मशेरी तर नकोच नको. रविवारी मी परळला गिरणीतल्या बायकांना 'आहार आणि आरोग्य' यावर शिकवते. परवा एक बाई म्हणाली, "बाई, तुम्ही सांगता तसं जेवायला आम्ही आजारी पडायला हवं." मी वर्गात गंभीर राहिले आणि खोलीवर येऊन हसले.

आगबोटी सुरू झाल्या आहेत. कधी येतेस ते कळव.

तुझी
प्रेमलता


तारकर्ली
२६ सप्टेंबर १९६०

चि. प्रेमलता हिला अनेक आशीर्वाद.

आधी माझी भूमिका सांगतो. तुला बाराखडी शिकवली तेव्हा मी मास्तर होतो. आता निवृत्त आहे आणि गावाची पत्रं लिहितो. तुझ्या आतेशी माझा करार असा की त्या बोलतील ते जसंच्या तसं उतरवायचं, शहाणपणा घालायचा नाही. मोबदला म्हणून मासे. तर ऐक.

"गो प्रेमा, तुझां पत्र पावलां. मी मदी उठाक नाय. एकदाच उठलंय, तां कढयेक ऊत इलो म्हणान. माका काय्येक झालेलां नाय. पोटात चावता, पण पोट आसा म्हणान चावता. ज्येका पोट नाय तेका कसां चावतलां? आता सुरमयेचो हंगाम. मालवणच्या बाजारातली जागा सोडून मी ममयेक इलंय तर ती हौसा माझ्या जाग्यार बसतली. आणि हौसा एकदा बसली की तिका उठवक रापणीचां जाळां वडणारे सगळे गडी लावचे लागतले.

"पथ्याचां म्हणशीत तर माझां जेवण झक्क चल्लां. काल तीन भाकऱ्ये, बांगड्याचां तिकलां आणि वर भाताचो डोंगर. तू आमच्या घराण्यातली पयली बी. ए. बाजारात मी सगळ्यांका सांगतंय, चेडू माझां पुस्तकातलां बोलता. पण पुस्तक लिवणाऱ्यान तिरफळ घातलेलो बांगडो खाल्लेलो नसतलो. तू आपली तब्येत संबाळ. आगबोट तिच्या वाटेन जांवदे."

ता. क. आता माझे शब्द. बाई सांगतात तेवढं खरोखरच खातात. हे मला चमत्कारिक वाटतं, कारण खाताना त्यांच्या तोंडावर आनंद दिसत नाही. मीठ तोलल्यासारखा चेहरा करून खातात. नंतर ओसरीच्या खांबाला मिठी मारून बसतात. काल विचारलं तर म्हणाल्या, "खांबाक आधार देतंय." हे मी लिहिल्याचं त्यांना सांगू नकोस.

धोंडू मास्तर


गिरगाव, मुंबई
४ ऑक्टोबर १९६०

तीर्थरूप आते,

तीन भाकऱ्या! मी सर्जनना तुझा शब्द दिला होता गं.

मी खूप विचार केला आणि माझ्या लक्षात आलं. तू भितेस. आणि भीती लपवायला बढाई मारतेस. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. भीती अज्ञानातून येते, म्हणून मी तुला ज्ञान देते. आता भूल फार चांगली देतात, तुला काही कळणारसुद्धा नाही. रक्त लागलं तर बाटलीतून देतात. ते देणारी माणसं आपणहून येतात, कोणाला पकडून आणत नाहीत. वॉर्डमध्ये सगळ्या जातीच्या बायका शेजारी-शेजारी असतात आणि एकमेकींना पाणी देतात. मला तर ते फार सुंदर वाटतं.

गावातल्या कोणी तुझ्या डोक्यात भरवलं असेल की पोट दोनदा उघडलं तर माणूस जगत नाही, तर त्या माणसाचं नाव मला कळव. मी त्याला स्वतंत्र पत्र लिहीन.

बाबा असते तर त्यांनी तुला हाताला धरून बोटीत बसवलं असतं. आता ते काम माझ्याकडे आलं आहे, तर मला करू दे.

तुझी
प्रेमलता


तारकर्ली
१३ ऑक्टोबर १९६०

चि. प्रेमलता,

आज बाई उभ्यानेच सांगत आहेत. ओसरीवर येरझारा चालू आहेत. मी भरभर लिहितो.

"मास्तर, लिवा. एक शब्द गाळलात तर माश्याचां कालवण बंद. प्रेमा, मी भियतंय? मी? भर दर्यात होडी पलटी झाली तेवा तुझो बापूस बोंब मारी होतो आणि मी तेका केसांक धरून वडीत हाडलंय. माका सुरयेचां भय सांगतंस? रोज सुरी माझ्या हातात आसता!

"बापाशीचां नाव घेतलंस म्हणान आता सांगतंय. तुका सांगूक नाय, कारण तू भाषण करतलंस. पयल्या ऑपरेशनाक माका घाटार नेल्यानी तेवा तू कोल्लापुराक कॉलेजात. तुझो बापूस देवळात गेलो आणि गुरवाक गाऱ्हाणां घालूक सांगल्यान. माझी भयण वाचांदे, तिच्या भारान देवीक गूळ घालतंय. त्या टायमाचो माझो भार तुका म्हायत आसा. मालवणात बाबली शेटीच्या दुकानात पैज लागलेली. एका पारड्यात तांदळाची गोण, दुसऱ्यात मी. गोण वर गेली आणि सगळो बाजार हसलो. मीव हसलंय.

"देवीन वाचयल्यान. पण परत इलंय ती कशी? सुकटासारी. तुझो बापूस म्हणालो, मथुरा, ह्या सुकटाच्या भारान गूळ घातलो तर देवी म्हणतली ह्येंनी माका फसयल्यानी. आदी पयल्यासारी हो, मगे पारड्यात बस. आणि मगे तोच तापान गेलो. तेचो शब्द माझ्या गळ्यात रवलो.

"म्हणान मी खातंय. तीन वर्सां गूळ आणून ठेवतंय, पावसात तो पाघळता, गावातली पोरां खातत. भार काय वाडणा नाय. आता तूच सांग. देवीचां येणां डोक्यार ठेवन सुरयेखाली निजतंय, आणि उठाकच नाय तर? माझां जांवदे. माझ्या भावाचो शब्द खोटो पडतलो. तो फेडल्याबिगर मी ममयेक येवचंय नाय. संपलां."

ता. क. बाई आत गेल्या आहेत. हे मला आज प्रथमच कळलं. हे पत्र मी आजच्याच टपालात टाकतो.

धोंडू मास्तर


गिरगाव, मुंबई
२१ ऑक्टोबर १९६०

तीर्थरूप आते,

तुझं पत्र वाचून मी आधी हसले, मग त्या हसण्याची लाज वाटली आणि मग शाळेत शिकवायला एक तास उशिरा गेले.

तुला कोणी सांगितलंच नव्हतं का? त्या ऑपरेशननंतर अन्न पोटात पूर्वीसारखं थांबत नाही, लवकर पुढे जातं. पुष्कळांचं वजन परत येत नाही. मी काल मुद्दाम सर्जनना विचारून आले. तू डोंगर खाल्लास तरी गोणीएवढी होणार नाहीस. उलट त्या तिखटाने आणि ठासून खाण्याने जोडावरचा व्रण चिघळतो. नवस फेडण्यासाठी तू जे खातेस, त्यानेच तू नवस फेडायला उरणार नाहीस. हे मास्तरांना दोनदा वाचायला सांग.

आता उपाय. माझा नवसावर विश्वास नाही हे तुला ठाऊक आहे. पण बाबांच्या शब्दावर आहे. तर असं कर, गोणीच्या भाराचा गूळ दुकानात तोलून घे आणि देवळात नेऊन ठेव. देवीला तिचा पुरता गूळ मिळाला. तू पारड्यात बसलीस की नाही, याने काय फरक पडतो? आणि बसायचंच असेल तर शेजारी दगड ठेव. हिशेब तोच.

उत्तर तारेने पाठव. मी शाळेत रजा मागून ठेवली आहे.

तुझी
प्रेमलता


तारकर्ली
३० ऑक्टोबर १९६०

चि. प्रेमलता,

हे पत्र माझं एकट्याचं आहे.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. खाण्याचं ऐकून बाईंनी समोरची भाकरी बाजूला सारली. त्या दिवसापासून त्या मऊ भात खातात, एवढं यश तुझ्या पदरी घाल. मग दगडाचं ऐकलं आणि उसळल्या. "दगड? देवळात माझो भाव बोललो तो काय दगडाचो भार? आणि पारड्यात बसल्याबिगर नवस फिटता खंय? गूळ खाली आणि मी वर लटाकतंय, देवी म्हणतली ही काय जत्रेतली पाळण्याची गंमत?"

परवा त्या मालवणच्या बाजारात घेरी येऊन पडल्या. ओकारीत रक्त होतं. डॉक्टर म्हणाले, आता दिवस घालवू नका. हौसाबाईंनी त्यांना बैलगाडीतून घरी आणलं आणि त्यांचे मासेही विकून दिले. बाईंना दुखण्यापेक्षा याचाच जास्त त्रास झाला.

काल मी तुकाराम गुरवाकडे गेलो. तुला माहीत आहे, मी देवळाची पायरी फारसा चढत नाही. त्याला सगळं सांगितलं. तो कान खाजवत म्हणाला, "मास्तर, नवस बोललो कोण? भाव. भाव आसा? नाय. मगे तेचां येणां कोणाकडे? तेच्या चेडवाकडे. मथुरा एकटी कित्या बसता? चेडवाक घेवन बसांदे." मी म्हटलं, हे तुझं मत झालं, बाईंना देवीचं हवं. मग त्याने कौल लावला. देवीच्या पाषाणाला दोन्ही बाजूंना फुलाच्या पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पाकळी पडली, म्हणजे होकार. मी तर्काचा माणूस आहे. वारा नव्हता एवढंच सांगू शकतो.

बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "ती येवची नाय. ती बी. ए. आसा."

आता बोल. तू या गोष्टींना काय म्हणतेस ते तुझ्या प्रत्येक पत्रात मी वाचलं आहे. उद्या परळच्या बायकांना तोंड कसं दाखवू, असं तुला वाटेल. वाटलं तर ते चूक नाही. ठरव आणि कळव.

धोंडू मास्तर


तार
मुंबई, ३ नोव्हेंबर १९६०

शनिवारच्या बोटीने येते. आतेला सांगा बी.ए. लासुद्धा वजन असतं. प्रेमलता.


तारकर्ली
१९ नोव्हेंबर १९६०

चि. प्रेमलता,

तुम्ही दोघी गेलात आणि मी इथे पाय वर करून पडलो आहे. नेमकं तुम्ही पारड्यात बसलात त्याच दिवशी किनाऱ्यावर शिंगाळा माशाचा काटा पायात भरावा आणि मला देवळात येता येऊ नये, याला काय म्हणावं? तुम्हीही घाईत बोट गाठायला निघालात. आता गाव मला गोष्टी सांगतं. एक म्हणतो पारडं तुटलं. दुसरा म्हणतो तू देवळात भाषण केलंस. हौसाबाई म्हणतात मथुरा रडली. ते मला सर्वांत अशक्य वाटतं.

काय झालं ते तू लिही. आणि ऑपरेशनचं लिही. ते आधी लिही.

धोंडू मास्तर


रुग्णालयाच्या व्हरांड्यातून, मुंबई
२६ नोव्हेंबर १९६०

आदरणीय मास्तर,

आते सुखरूप आहे. हे आधी.

ऑपरेशन मंगळवारी झालं. सर्जन म्हणाले, व्रण फुटण्याच्या बेतात होता. आता जुना जोड गेला आणि आम्ल करणारा भागही गेला. कालपासून ती चमच्याने पेज घेते. शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिने विचारून घेतलं की तुमच्याकडे सुरमई काय भावाने जाते, आणि उत्तर ऐकून "लुटतत मेले" म्हणाली. त्यावरून नर्सने ठरवलं की बाई बऱ्या आहेत.

आता देवळाचं. पारडं तुटलं नाही. बाबली शेटनी दुकानातला मोठा तराजू पाठवला आणि "जुन्या पैजेचो साक्षीदार मी" म्हणून स्वतःही आले. एका पारड्यात गोणीच्या भाराचा गूळ रचला. आते दुसऱ्यात बसली आणि गुळाचं पारडं हललंसुद्धा नाही. कोणी हसलं नाही, मास्तर. तिने मान खाली घातली. मग मी पदर खोचला आणि तिच्या मागे चढून बसले. तिला धरायला हात पुढे घेतले, तर तिच्या खांद्याचं हाड माझ्या हनुवटीला टोचलं. लहानपणी त्याच खांद्यावर मी झोपत असे, तेव्हा तिथे हाड आहे हे मला माहीत नव्हतं. इतके दिवस मी पत्रातून तिच्या पोटाबद्दल लिहीत होते, आणि ती केवढीशी झाली आहे हे मला तिथे कळलं.

पारडं खाली गेलं आणि जमिनीला टेकलं. आम्ही दोघी मिळून गोणीपेक्षा भारी झालो! बाबली शेट ओरडले, "ममयेच्या पावान चेडू फुगलां!" मग दुकानातून आणखी दोन ढेपी धावत आणल्या, तेव्हा काटा सरळ झाला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, "बा देवी म्हाराजा, भावान बोललेलो नवस आज भयणीन आणि चेडवान मिळान फेडलो. तो मान्य करून घी आणि मथुरेक बरी करून हाड. आणि ह्या चेडू बी. ए. झालां हा, तेका आता थोडी अक्कलय दी, म्हाराजा!" सगळं गाव म्हणालं, "व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठ्याने आते. मी भाषण केलं नाही. करायला कोणी जागा ठेवली नाही. आणि हौसाबाई म्हणतात ते खरं आहे, पण रडलो आम्ही दोघी.

बोटीत अर्धे उतारू ओकत होते आणि आते त्यांना दर्याच्या गोष्टी सांगत होती. त्याने ते आणखी ओकले.

एक गोष्ट फक्त तुम्हाला लिहिते. तिला आत नेलं तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला आणि म्हणाली, "तू काय्येक बोला नको हां. माझ्यासाठी आता कोणी कायव बोलाचां नाय." मी हो म्हटलं. मला ते सोपं होतं, मी कुठे नवस बोलणारी आहे? दार बंद झालं. मी बाकावर बसले. सोबत वाचायला पुस्तक नेलं होतं, त्याचं एक पान मी बराच वेळ धरून होते. आणि मग मी बोललेच. कोणाला, ते मला माहीत नाही. पण काही देईन म्हणाले नाही. एवढंच म्हणाले, जशी येईल तशी मी घेईन. तोलणार नाही.

याला नवस म्हणायचं का? तुम्ही तर्काचे आहात, तुम्ही ठरवा. परळच्या बायकांना मी अजून काही सांगितलेलं नाही. या रविवारी सांगेन म्हणते.

पायाला शेक घ्या.

तुमची विद्यार्थिनी
प्रेमलता


गिरगाव, मुंबई
१२ डिसेंबर १९६०

धोंडू मास्तरांना,

आज मी लेखणी आहे आणि आते बोलते आहे. तुमचाच करार मला लागू आहे, शहाणपणा घालायचा नाही.

"मास्तरांनु, तुमचो पाय कसो आसा? शिंगाळो कापताना मी तुमका सांगलेलां, काट्यापासून लांब रवा. तुमी ऐकणास नाय. मी ऐकतंय, म्हणान बरी आसंय. डागतर म्हणतत दिसाक सा वेळा खा, वायच वायच. सा वेळा! तुमी दोनदा जेवतास, म्हणजे मी तुमच्यापेक्षा मोठी माणूस झालंय.

"हॉस्पिटलात दाखवूक गेलंय की नर्शी माका काट्यार उभी करतत. कितको भार झालो तो मी इचारूक नाय. प्रेमा सांगूक लागलां, मी म्हटलां गप रव. देवीचां फिटलां. आता आकडो कोणाक देवचो आसा? पयले दोन दीस मी आरशात बगलंय आणि माका तुझ्या आजयेचां तोंड दिसलां..." (आते, हे मास्तरांना लिहायचं आहे.) "बरां, तेंच्या आजयेचां. कोणाच्याय आजयेचां. पण तां तोंड हसता, रडणा नाय.

"पौषात मी परत येतंय. बाजारातली माझी जागा हौसाक सोडूक सांगा. गोड बोलान सांगा, तिना माझे मासे इकलेले आसत. आणि बुरडाक एक निरोप देवा. माझी माश्यांची मोठी पाटी आसा ती आता माका उचलाची नाय, तेचो माका राग नाय. ती हौसाक देवा, तिका ती शोभता. माका नवी वळूक सांगा. आदीएवडी नको, धाकटी. माझी मी दोन हातांनी उचलून डोक्यार घेयन, अशी. बुरूड इचारीत, केवडी, तर तेका सांगा, मथुरा म्हणता, माझ्या मापाची."